जखम भरते, फाईल अडते! जखमी जवानाच्या घरच्यांनी कोणतं दार कधी ठोठावायचं?

विश्लेषण | तालुका प्रतिनिधी

आपला सातारा जिल्हा फौजेत पोरं देणारा जिल्हा. अपशिंगे गावाला तर नावातच 'मिलिटरी' लागलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. माण, खटाव, कोरेगाव, जावळी, पाटण, कुठल्याही तालुक्यात जा, वाडी-वस्तीवर एखादा तरी फौजी निघतोच. जवान शहीद झाला की सगळा तालुका लोटतो, मंत्री येतात, चौकाला नाव दिलं जातं. ते व्हायलाच पाहिजे. पण जो जवान जखमी होऊन, पाय गमावून किंवा कंबरेतून लुळा होऊन घरी येतो, त्याचं काय होतं हे विचारायला फारसं कोणी जात नाही. त्याची दुसरी लढाई तिथून पुढं सुरू होते. ती असते कागदांशी.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात सीमेवरच्या गोळीबारात जवान जखमी झाले, तेव्हा हा विषय चार दिवस टीव्हीवर होता. नंतर विसरला गेला. आता दुसरं कारण दारात आलंय. अग्निपथ योजनेतली पहिली पोरं २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली. त्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. त्यातले बहुतेक गावी परत येणार. त्यातला कोणी जखमी असेल तर त्याला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे घरच्यांना आधीच कळलेलं बरं.

उपचारात सैन्य कमी पडत नाही

आधी जे चांगलं आहे ते सांगू. जवानाला गोळी लागली किंवा सुरुंगावर पाय पडला तर तिथल्या तिथं पहिला उपचार युनिटचा डॉक्टर करतो. तिथून फील्ड हॉस्पिटल, मग मोठा दवाखाना. काश्मीरमध्ये श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, लडाखमध्ये लेहचं १५३ जनरल हॉस्पिटल, त्याच्या वर उधमपूरचं कमांड हॉस्पिटल आणि गरज पडली तर दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल. हेलिकॉप्टरने उचलून नेतात. घरच्यांना एक रुपया खर्च येत नाही.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पुणे जवळ आहे. पुण्यात दक्षिण कमांडचं कमांड हॉस्पिटल आहे. कृत्रिम हात-पाय बसवणारं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून पुण्यात आहे. पाठीच्या मण्याला मार लागून ज्यांचं खालचं अंग गेलंय, त्यांच्यासाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तेही १९७४ पासून. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ साली सुरू झालेलं. तिथं अपंग जवानांना नवा धंदा-हुन्नर शिकवतात. देशभरातले जवान इथं येतात आणि आपल्याला दोन-तीन तासांवर असून बऱ्याच घरांना ही नावंही माहीत नसतात.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. पुढं पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये देशासाठी सुवर्णपदक आणलं. सरकारला पद्मश्री द्यायला २०१८ उजाडलं. कौतुकाला एवढा उशीर झालेला चालतो, पण पेन्शनच्या फाईलला उशीर झाला तर घर चालत नाही.

खरी गोम: मेडिकल बोर्ड

दवाखान्यातून सुटका झाली की जवानाची मेडिकल कॅटेगरी ठरते. पूर्ण तंदुरुस्त माणूस 'शेप-वन'. दुखापत झालेल्याची कॅटेगरी खाली येते. फौजेत याला 'कॅटेगरी लागली' म्हणतात. आधी ती तात्पुरती असते, सुधारणा झाली नाही तर कायमची होते. काहींना हलकं काम देऊन नोकरीत ठेवतात. काहींना बोर्ड बसवून घरी पाठवतात, म्हणजे 'बोर्ड-आऊट'.

हा बोर्ड दोन गोष्टी लिहितो, आणि पुढचं सगळं आयुष्य या दोन गोष्टींवर चालतं.

एक, अपंगत्व किती टक्के.

दुसरी, ही दुखापत किंवा आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे वाढला का. कागदावर याला 'अ‍ॅट्रिब्युटेबल' आणि 'अ‍ॅग्रव्हेटेड' असे शब्द असतात. या रकान्यात 'नाही' आलं, की टक्के कितीही असोत, अपंगत्वाची पेन्शन अडते.

आता 'हो' की 'नाही' हे बोर्ड कशावरून ठरवतो? कागदावरून. दुखापत झाली त्या वेळी युनिटने इंज्युरी रिपोर्ट भरला का? फौजेत त्या फॉर्मला 'आयएएफवाय-२००६' म्हणतात. चौकशी झाली असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निकाल काय? पार्ट टू ऑर्डर निघाली का? शत्रूच्या कारवाईत जखमी झाला असेल तर 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंद झाली का? हे कागद दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, फार तर आठवड्यांत तयार होतात. त्या वेळी जवान बेशुद्ध किंवा ऑपरेशन टेबलवर असतो आणि घरचे देवाचा धावा करत असतात. कागदाचं कोणाच्या डोक्यातही नसतं.

आमच्याच भागातल्या एका माजी जवानाचं उदाहरण आहे. गस्तीवर असताना घसरून गुडघा गेला. 'होईल बरा' म्हणून चार दिवस विश्रांती मिळाली, पुन्हा कामावर. इंज्युरी रिपोर्ट कोणी भरला नाही, यानेही मागितला नाही. पुढं दहा-बारा वर्षांनी निवृत्तीच्या बोर्डात गुडघ्याचं अपंगत्व निघालं, पण कागद नाही म्हणून नोकरीशी संबंध 'नाही'. आता उसाच्या सरीत उतरता येत नाही, आणि पेन्शनमध्ये त्या गुडघ्याचा एक पैसा नाही. कागद असता तर निदान भांडायला जागा होती.

पैशाचा ढोबळ हिशोब

सैन्यातल्या अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीचा भाग. दुसरा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाचा भाग. १०० टक्के अपंगत्वाला हा दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात. टक्के कमी झाले की तो त्याच प्रमाणात कमी.

समजा शेवटचा पगार ४०,००० रुपये धरला. १०० टक्के अपंगत्वाला महिना १२,००० रुपये, ५० टक्क्याला ६,००० रुपये. वर महागाई सवलत वेगळी. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला 'वॉर इंज्युरी पेन्शन' असते, त्यात हाच भाग किमान दुप्पट होतो. म्हणून 'बॅटल कॅज्युअल्टी' हे दोन शब्द कागदावर असणं किती मोलाचं आहे बघा.

बोर्ड-आऊट झालेल्याला टक्के वर ओढून धरायची सोय आहे. ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्याच्या वर १०० धरतात. नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यालाही हा फायदा मिळायला हवा, असा निकाल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात दिला. त्याआधी २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात कोर्टाने आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त होता आणि आजाराची काही नोंद नव्हती, तर नंतरचा आजार नोकरीमुळेच झाला असं मानायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

२०२३ चे नवे नियम

२१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या भरपाईचे नवे नियम लागू झाले. नोकरी पुरी करून, कॅटेगरी लागलेल्या अवस्थेत निवृत्त होणाऱ्यांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' असा नवा शब्द आला. कोणता नियम लागणार हे जवान नोकरीतून कधी बाहेर पडला त्या तारखेवर ठरतं. म्हणून 'आमच्या चुलत्याला एवढं मिळतं, मला का नाही' ही तुलना दर वेळी बरोबर ठरत नाही.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. बीपी, शुगर यासारख्या आजारांवर अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, त्यात मोठे अधिकारीही होते, आणि कॅगनेही अहवालात यावर बोट ठेवलं. गैरफायदा थांबलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण माजी सैनिकांच्या संघटनांचं म्हणणं असं, की बोर्ड सरसकट कडक झाले तर सियाचिनमध्ये, वाळवंटात, दहशतवादाच्या भागात वर्षानुवर्षं काढलेल्या साध्या शिपायालाच फटका बसतो. साहेबाला नियम वाचता येतात, वकील लावता येतो. आपल्या दहावी-बारावी झालेल्या शिपायाला ते जमत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं व्हायला नको.

अग्निवीराचं काय?

हा भाग गावातल्या आई-बापांनी दोनदा वाचावा.

अग्निवीराला नोकरीत असताना सैन्याच्या दवाखान्यात नेहमीच्या जवानासारखेच उपचार मिळतात. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे: १०० टक्क्याला ४४ लाख, ७५ टक्क्याला २५ लाख, ५० टक्क्याला १५ लाख रुपये. शिवाय चार वर्षांतला राहिलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी. आकडा ऐकायला मोठा वाटतो.

पण हिशोब करून बघा. १५ लाख रुपये बँकेत ठेवले आणि ७ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला १ लाख ५ हजार, म्हणजे महिना ८,७५० रुपये. पोरगा २२ वर्षांचा. पुढं पन्नास वर्षं काढायची. व्याज तेवढंच राहणार, खताच्या पोत्याचा आणि गॅस टाकीचा भाव मात्र दर वर्षी वाढणार. नेहमीच्या जवानाच्या पेन्शनवर महागाई सवलत वाढत जाते, अग्निवीराच्या रकमेवर तशी काही वाढ नाही. चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि माजी सैनिकांची ईसीएचएस दवाखान्याची सोयही नाही. कृत्रिम पाय एकदा बसवला म्हणजे आयुष्याचं काम झालं असं नसतं. तो झिजतो, बदलावा लागतो.

यावर मार्ग निघू शकतो, हे दिसलेलं आहे. एनडीए, आयएमएसारख्या संस्थांमध्ये अधिकारी होण्याचं प्रशिक्षण घेताना जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटचीही अशीच अडचण होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बातमीवरून स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयाने अशा कॅडेटना ईसीएचएसची दारं उघडली. कॅडेटला जे मिळालं ते जखमी अग्निवीराला का मिळू नये? हा प्रश्न आपल्या खासदाराला ग्रामसभेचा ठराव करून विचारता येतो. पहिली तुकडी बाहेर पडून गेल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

रजेवर असताना अपघात झाला तर

गावात हे वारंवार घडतं. जवान रजेवर येतो, मोटारसायकलवरून जाताना अपघात होतो. घाईत जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात. जीव महत्त्वाचा, ते बरोबरच आहे. पण त्याच दिवशी युनिटला आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला कळवलं पाहिजे. आपल्याला पुणे किंवा बेळगाव जवळ पडतं. कळवलं नाही तर बिलाचा परतावा अडतो, आणि रजा संपल्यावर जवान 'गैरहजर' म्हणून लागण्याची भीती राहते, ते वेगळंच.

रजेच्या पत्त्यावर येताना किंवा परत ड्यूटीवर जाताना वाटेत अपघात झाला तर तो सर्वसाधारणपणे ड्यूटीत धरला जातो. म्हणून रेल्वेचं तिकीट, रजेचा पास आणि पोलिसातली नोंद फेकू नका. घरच्या कामात, शेतात किंवा यात्रेत झालेली दुखापत मात्र नोकरीशी जोडणं अवघड जातं.

बीएसएफ, सीआरपीएफची वाट वेगळी

गावात आपण वर्दीतल्या सगळ्यांना 'मिलिटरीत आहे' म्हणतो. पण बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांना ईसीएचएस लागू नाही, त्यांचे दवाखाने वेगळे, आयुष्मान सीएपीएफचं कार्ड वेगळं. अपंगत्वाची पेन्शन 'असाधारण निवृत्तिवेतन' नियमांखाली येते. सैन्याच्या जवानाला न्याय मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. या दलांच्या जवानाला मात्र हायकोर्टात जावं लागतं. आपला पोरगा नक्की कोणत्या दलात आहे हे न बघता धावाधाव केली, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

न दिसणारी जखम

पाय तुटलेला दिसतो. मन मोडलेलं दिसत नाही. स्फोटातून वाचलेला, सोबती डोळ्यांदेखत गमावलेला जवान घरी आल्यावर रात्री झोपत नाही, फटाका वाजला की दचकतो, बायका-पोरांवर चिडतो, बाटली जवळ करतो. गावात म्हणतात, 'फौजेत जाऊन बिघडला.' घरचे देवऋषाकडे नेतात. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. नोकरीत असेल तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर असतात. 'शेप' या शब्दातलं पहिलंच अक्षर मनाच्या आरोग्याचं आहे. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सैन्यातल्यांसाठी तिचा वेगळा विभाग पुण्याच्या एएफएमसीमध्ये डिसेंबर २०२३ पासून सुरू आहे.

घरच्यांनी काय करावं?

१. जवान जखमी झाल्याचा फोन आला की नाव, हुद्दा, आर्मी नंबर, युनिट, दवाखान्याचं नाव आणि फोन करणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा. प्रकृती गंभीर असेल तर नातेवाईकांच्या प्रवासाच्या वॉरंटबद्दल युनिटला विचारा.

२. जवान बोलायच्या अवस्थेत आला की त्याला एकच सांगा: इंज्युरी रिपोर्टची प्रत घे. डिस्चार्ज स्लिप, एक्स-रे, एमआरआय आणि प्रत्येक बोर्डाची प्रत एका फाईलमध्ये लावा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

३. बोर्डाच्या कागदावर न वाचता सही करू नका. नोकरीशी संबंध 'नाही' लिहिलं असेल तर का लिहिलं ते विचारा.

४. रेकॉर्ड ऑफिस कोणतं हे माहीत असू द्या. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला. पत्र पाठवाल तर स्पीड पोस्टाने, आणि पावती जपून ठेवा.

५. दावा फेटाळला गेला तर पहिलं अपील सहा महिन्यांत करा. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग न्यायाधिकरण. उशिरा गेल्यास न्याय मिळतो, पण थकबाकी अनेकदा मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

६. घरी परतल्यावर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. राज्य सरकारची अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार मिळणारी मदत तिथूनच जाते.

७. पेन्शनर असाल तर ईसीएचएसचं कार्ड काढा. अचानक यादीबाहेरच्या दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत ईसीएचएस पॉलिक्लिनिकला कळवा.

८. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाईन यंत्रणेतून येते. हयातीचा दाखला दर वर्षी वेळेत द्या, गावातल्या सीएससी सेंटरवरही होतो. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नका. 'स्पर्शमधून बोलतोय' म्हणून फोन आला तर सरळ कट करा.

९. एसटीची सवलत आणि इतर नागरी योजनांसाठी दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड लागतं. ते सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीवर मिळतं. सैन्याचे टक्के आणि सिव्हिलचे टक्के वेगळे येऊ शकतात, घाबरू नका.

१०. जवानाचे कागद, युनिटचं नाव, दवाखान्यातले फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कौतुक करायच्या नादात त्याचीच अडचण होते. काम करून देतो म्हणणाऱ्या एजंटला टक्केवारीही देऊ नका, जिल्हा सैनिक कार्यालयात मार्गदर्शनाला पैसे लागत नाहीत.

गावाने आणि सरकारने काय करावं

माण किंवा पाटणच्या टोकाच्या वाडीवरून साताऱ्याला यायचं म्हणजे एका कामाला अख्खा दिवस आणि एक मजुरी जाते. पाय गमावलेल्या माणसाला तर एसटीची पायरीच डोंगर. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक वारी सैनिक कल्याणचं शिबिर लागावं, ही जुनी आणि रास्त मागणी आहे. अर्ज आणि बोर्डाचे निकाल मराठीत समजावून सांगणारा माणूस तिथं बसला पाहिजे. मेडिकल बोर्डाची भाषा इंग्रजी, नियमांची भाषा इंग्रजी, आणि ज्याचा पाय गेला तो मराठी शाळेत शिकलेला, हे अंतर कोणीतरी भरून काढायला हवं.

गावही थोडं करू शकतं. प्रत्येक गावात दोन-चार माजी सैनिक असतात, सुभेदार-हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना फौजेचा कागद कळतो. ग्रामपंचायतीने त्यांची नावं आणि नंबर कार्यालयाच्या फळ्यावर लावून ठेवले, तर पहिल्या फोनपासून घरच्यांना हाताशी माणूस मिळेल. त्याला एक रुपया खर्च नाही.

ज्यांचा मुलगा, भाऊ, नवरा आज ड्यूटीवर आहे त्यांनी पुढच्या फोनमध्ये त्याला एवढं विचारावं: याआधी कधी दुखापत झाली होती का, आणि तिचा इंज्युरी रिपोर्ट तुझ्याकडे आहे का? तो नोकरीत असताना युनिटमधून ही प्रत मिळणं सोपं असतं. घरी आल्यावर तीच प्रत मिळवायला वर्षं जातात.